वाचकांचे प्रश्न : थिजणारे तेल, यकृत आणि पोटातले जिवाणू

प्रश्न : माझे वय ५२ आहे. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांच्या सांगण्यावरून दिवाळीपासून मी रोज उपाशीपोटी कोऱ्या कॉफीत दोन मोठे चमचे शुद्ध खोबरेल तेल घालून घेतो आणि त्यानंतर थेट दुपारी जेवतो. हे तेल सरळ यकृतात जाऊन जळते, त्याची चरबी होत नाही, उलट साठलेली चरबी त्यामुळे उतरते, असे मला सांगण्यात आले. वजन दीड किलोने उतरले हे खरे. पण एलडीएल, म्हणजे वाईट म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, १२६ वरून १४८ वर गेले. एचडीएल, म्हणजे चांगले म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, तेही थोडे वाढले आहे. डॉक्टर तेल बंद करा म्हणतात, तर मित्रांचे म्हणणे असे की चांगले कोलेस्टेरॉलही वाढले असल्याने घाबरण्याचे कारण नाही. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : डॉक्टरांचे. कारण मात्र थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण आपल्या मित्रांनी सांगितलेली गोष्ट निखालस खोटी नाही. ती एका वेगळ्या तेलाबद्दल खरी आहे, आणि ते तेल आपल्या बाटलीत अगदी थोडे आहे.

सध्याच्या थंडीत आपल्या ओट्यावरच याचा पडताळा घेता येईल. माझ्या घरी ओट्यावर शेंगदाणा तेलाची बरणी आणि खोबरेलची बाटली शेजारी शेजारी असतात. पहाटे पारा दहाच्या खाली गेलेला असतो तेव्हा शेंगदाणा तेल पातळच राहते, खोबरेल मात्र मेणासारखे पांढरे आणि घट्ट थिजलेले असते. चमचा उभा खुपसला तर उभाच राहतो. अकराच्या सुमारास खिडकीकडची बाजू आधी पारदर्शक होते आणि राहिलेला पांढरा गोळा पातळ तेलात तळाशी बसतो. खोबरेल साधारण २४ ते २५ अंशांना वितळते. ते इतक्या सहज थिजते, कारण मेद ज्यांचा बनतो त्या मेदाम्लांपैकी त्यात ८२ ते ९० टक्के संपृक्त (सॅच्युरेटेड) असतात. शेंगदाणा तेलात हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आत, सूर्यफुलाच्या तेलात दहा टक्क्यांच्या जवळपास आणि तुपातही साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे संपृक्त मेदाच्या हिशेबात खोबरेल तुपाच्याही पुढे आहे, ही गोष्ट 'वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी' असे मानणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

आता यकृताची गोष्ट. मेदाम्लांच्या साखळ्या कमी-अधिक लांबीच्या असतात आणि त्यांचा शरीरातला मार्ग बराचसा त्या लांबीवर ठरतो. आठ आणि दहा कार्बनांच्या साखळ्या, म्हणजे कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्ल, आतड्यातून रक्तात उतरून शिरेवाटे थेट यकृतात पोहोचतात. पेशीतल्या ज्या भट्टीत मेद जळतो त्या मायटोकॉन्ड्रियाच्या दारावर लांब साखळ्यांना कार्निटिन नावाच्या वाहकाचा हात धरावा लागतो. या आखूड साखळ्यांना त्याची फारशी गरज पडत नाही, त्यामुळे त्या लवकर जळतात आणि काही अंशी त्यांची कीटोन द्रव्ये बनतात. लांब साखळ्यांची वाट वेगळी आहे. आतड्याच्या पेशींत त्या पुन्हा बांधल्या जातात, कायलोमायक्रॉन नावाच्या सूक्ष्म थेंबांत भरल्या जातात आणि लसिकावाहिन्यांतून वळसा घालून रक्तात येतात. तिथे स्नायू आणि चरबीचे साठे आपापला वाटा उचलतात आणि उरलेसुरले यकृताकडे जाते.

खोबरेलमध्ये ४५ ते ५० टक्के असते ते लॉरिक आम्ल, आणि त्याची साखळी बारा कार्बनांची आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याला 'मध्यम साखळी'च्या रकान्यात बसवतात, आणि सगळा घोळ या रकान्यापासून सुरू होतो. शरीर पुस्तकातला रकाना पाहत नाही. लॉरिक आम्लाचा सुमारे ७० ते ७५ टक्के भाग कायलोमायक्रॉनमधूनच, म्हणजे लांब साखळ्यांच्या वाटेने जातो. त्याच्या जोडीला चौदा कार्बनांचे मिरिस्टिक आणि सोळा कार्बनांचे पामिटिक आम्ल असते, आणि ती दोन्ही तर निर्विवादपणे लांब साखळीची आहेत. थेट यकृताकडे जाणारी आठ आणि दहा कार्बनांची मेदाम्ले खोबरेलमध्ये दोन्ही मिळून तेरा-चौदा टक्के भरतात.

वजनावरचे गाजलेले प्रयोग या तेरा टक्क्यांवाल्या तेलावर झालेले नाहीत. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठातील संशोधक मारी-पिएर सेंट-ऑन्ज यांचा २००८ मधील प्रयोग त्यांपैकी ठळक आहे. त्यात वजन कमी करण्याच्या आहारात काहींना ऑलिव्ह तेल आणि काहींना दिवसाला १८ ते २४ ग्रॅम निव्वळ मध्यम साखळीचे, खास तयार केलेले तेल दिले गेले. सोळा आठवड्यांनंतर दुसऱ्या गटाचे वजन सुमारे पावणेदोन किलोने अधिक उतरले होते. तेवढी आखूड मेदाम्ले खोबरेलमधून मिळवायची तर रोज किमान १४० ग्रॅम, म्हणजे दहा मोठे चमचे तेल प्यावे लागेल आणि त्यासोबत बाराशेहून अधिक कॅलरी पोटात जातील. खुद्द सेंट-ऑन्ज यांनीही आपले निष्कर्ष खोबरेलला लावू नयेत असे जाहीरपणे सांगितले आहे. तो खुलासा आपल्या सकाळच्या फेरीपर्यंत पोहोचलेला दिसत नाही. 'एमसीटी' नावाने विकले जाणारे ते निव्वळ तेल आपल्याकडच्या थंडीत थिजत नाही, फ्रीजमध्येही सहसा पातळच राहते. आपली बाटली सकाळी थिजत असेल, तर तिच्यात ते निव्वळ तेल नाही.

मग दीड किलो उतरले कसे? दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे २७ ग्रॅम तेल आणि जवळजवळ २४० कॅलरी. आपण लिहिता त्याप्रमाणे त्यानंतर दुपारपर्यंत काही खात नाही. म्हणजे पोहे, उपमा किंवा शनिवार-रविवारची मिसळ आणि पाव, सगळेच सुटले. बशीभर पोहे, वर शेव आणि साखरेचा चहा यांची बेरीज २४० च्या वर सहज जाते. वजन न्याहारी सुटल्यामुळे उतरले असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते. न्याहारी सोडणे आपल्याला मानवत असेल तर ती तेलाशिवायही सोडता येते.

आता कोलेस्टेरॉल. यकृताच्या पेशींवर एलडीएल रक्तातून ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात; त्यांच्या शोधासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संपृक्त मेद वाढला की या ग्राहकांचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तातच रेंगाळते. २०२० मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात १६ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह अशा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलने एलडीएल सरासरी सुमारे १० मिलिग्रॅमने आणि एचडीएल सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढवले. आपल्या अहवालाची दिशा याच्याशी जुळते. दोन चाचण्यांत थोडा फरक प्रत्येकाच्याच अहवालात पडतो, त्यामुळे २२ चा सगळा फरक तेलाच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. पण तेल बंद करून सहा ते आठ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी केली की उत्तर आपल्या हाती येईल. दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये नव्वदच्या आसपास लोकांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम लोणी, ऑलिव्ह तेल किंवा खोबरेल दिले, तेव्हा लोण्याने एलडीएल वाढले आणि खोबरेलने ऑलिव्हच्या तुलनेत फारसे वाढले नाही. प्रयोग नीट केलेला होता. पण चार आठवड्यांच्या एका प्रयोगापेक्षा सोळांच्या बेरजेला अधिक वजन द्यावे, असे माझे मत आहे.

राहिले एचडीएल. ते वाढले म्हणजे हृदय सुरक्षित, हे समीकरण औषध कंपन्यांनीच हजारो रुग्णांवर तपासून पाहिले. टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढले, तरी मृत्यूही वाढल्याचे दिसल्याने डिसेंबर २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. त्यामुळे एलडीएलच्या २२ मिलिग्रॅमची वजाबाकी एचडीएलच्या वाढीतून करण्याची मित्रांची पद्धत ग्राह्य धरता येत नाही.

दोन हजार कॅलरींच्या आहारात संपृक्त मेद एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ ग्रॅमपर्यंत ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या कॉफीच्या पहिल्याच पेल्यात तो कोटा संपतो. नंतरचे दूध, दही, तूप आणि फोडणीचे तेल हे सगळे त्याच्या वरचे.

प्रश्न : दाताच्या दुखण्यासाठी प्रतिजैविके घेतल्यापासून माझे पोट बिघडलेले आहे, गॅस होतो आणि कधी पातळ, कधी घट्ट होते. खोबरेलमधील लॉरिक आम्ल आतड्यातील वाईट जिवाणू आणि बुरशी मारते व चांगले जिवाणू राखते, असे वाचनात आले. रोज एक चमचा घेतला तर उपयोग होईल का? नवव्या वर्षात असलेल्या मुलीलाही द्यावा का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, काचेच्या बशीतला जिवाणू आणि पोटातला जिवाणू यांच्यामध्ये सुमारे सहा मीटर लहान आतडे आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. प्रयोगशाळेतील बशीत लॉरिक आम्ल आणि त्यापासून बनणारे मोनोलॉरिन काही जिवाणूंच्या पातळ वेष्टनाला भोके पाडते, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. पण आपण तेल गिळले की स्वादुपिंडाचा रस त्याचे तुकडे करतो, पित्त ते पाण्यात मिसळण्याजोगे करते आणि निरोगी माणसात नव्वद टक्क्यांहून अधिक मेद लहान आतड्यातच शोषला जातो. जिवाणूंची खरी दाट वस्ती त्यापुढच्या मोठ्या आतड्यात असते. तिथपर्यंत एका चमच्यातले फारच थोडे तेल पोहोचते.

बुरशीबद्दल आपण जे वाचले त्याचा उगम बहुधा अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या २०१५ मधील प्रयोगात असावा. तिथे उंदरांना खोबरेलने समृद्ध आहार दिल्यावर त्यांच्या आतड्यातील कॅन्डिडा बुरशीचे प्रमाण, गाईची चरबी खाणाऱ्या उंदरांच्या तुलनेत, नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. निष्कर्ष लक्षवेधी आहे आणि मी तो हलक्याने घेत नाही. परंतु त्या उंदरांचा सगळा आहारच तेलाने भारलेला होता, भाकरीच्या आधी घेतलेला तो चमचा नव्हता. माणसांवर असे मोठे काम झालेले नाही. आणि लॉरिक आम्ल जर खरोखरच मोठ्या आतड्यात भरपूर पोहोचले, तर वेष्टनाला भोके पाडताना ते 'हा चांगला, हा वाईट' असे विचारून पाडणार नाही. दह्यात ज्या गटाचे जिवाणू असतात, त्या गटातील अनेक जिवाणूंचे वेष्टन अशा आम्लांपुढे नाजूक ठरते. प्रतिजैविकांनी आधीच विरळ झालेल्या वस्तीवर आणखी एक जंतुनाशक ओतण्याची कल्पना मला तरी पटत नाही.

मेद आणि जिवाणू यांचा संबंध अधिक करून आडवाटेने येतो, आणि ती वाट पित्ताची आहे. जितका मेद अधिक तितके पित्त अधिक स्रवते. त्यातले बरेचसे लहान आतड्याच्या शेवटी परत शोषले जाते, पण थोडे मोठ्या आतड्यात निसटते आणि तिथले जिवाणू त्याचे रूप बदलतात. शिकागोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की दुधातील संपृक्त मेद भरपूर खाणाऱ्या उंदरांत पित्ताचा प्रकारच बदलतो आणि त्या पित्तातील गंधकावर जगणारा एक जिवाणू फोफावतो. आतड्याच्या दाहाकडे मुळातच कल असलेल्या उंदरांत त्यामुळे दाह वाढला. करडईच्या तेलावर ठेवलेल्या उंदरांत तसे झाले नाही. आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वी घरोघरी करडई होती, म्हणून हा तपशील मला उगाचच सुखावून गेला. प्रयोगातला मेद दुधाचा होता, खोबऱ्याचा नव्हे, त्यामुळे त्यावरून खोबरेलला थेट दोष देता येणार नाही.

दुसरी वाट जिवाणूंच्या वेष्टनातील विषाची आहे. बेल्जियममधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की मेदाने भरलेल्या आहारावर उंदरांच्या रक्तात या विषाचे प्रमाण वाढते आणि त्यातून मंद दाह व इन्सुलिनला होणारा विरोध उद्भवतो. वर ज्या कायलोमायक्रॉनचा उल्लेख केला, त्यांच्याच पाठीवर बसून हे विष आतड्याची भिंत ओलांडते. मौज अशी की त्या विषाच्या रेणूला ज्या मेदाम्लांच्या शेपट्या असतात, त्यांत लॉरिक आणि मिरिस्टिक आम्लेच प्रमुख आहेत.

आता आपल्या तक्रारीकडे येऊ. मोठ्या आतड्यातील जिवाणू तेलावर जगत नाहीत. आपल्याला न पचणाऱ्या तंतूंवर जगतात. ते तंतू आंबवून ते ब्युटिरेटसारखी चार कार्बनांची अगदी आखूड मेदाम्ले तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन तेच असते. म्हणजे आतड्याला जे हितकर मेदाम्ल हवे आहे ते बाटलीतून येत नाही, ते ताटातल्या चोथ्यापासून तिथेच तयार होते. नागलीची किंवा ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, मेथी, शेपू, पेरू आणि ताजे ताक यांची वाढ हळूहळू, आठवड्याला एकेक पदार्थ अशी करावी. एकदम वाढवल्यास गॅस आणखी होतो. आणि खोबरे आवडत असेल तर खोबरेच खावे. ओल्या नारळाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३३ ग्रॅम मेद असला तरी ९ ग्रॅम तंतूही असतात. तेल काढताना हे तंतू चोथ्यात राहतात आणि पेंड होऊन गुरांच्या पुढ्यात जातात. नवश्या गणपतीला फोडलेल्या नारळाची वाटी घरी आली की तिच्यातले दोन चमचे खोवून भाजीवर किंवा कोशिंबिरीत घालावे. मुलीला चमच्याने तेल पाजण्याची गरज नाही. आपली लक्षणे सुरू होऊन महिना उलटला असेल, मलातून रक्त जात असेल, ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे. प्रतिजैविकांनंतरच्या जुलाबांत कधी कधी क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचा संसर्ग असतो आणि त्याला रीतसर औषध लागते.

प्रश्न : माझे सासर मालवणचे आहे. लग्नानंतर नाशिकला आल्यावरही सासूबाई माशाच्या कालवणाला आणि भाजीच्या फोडणीला खोबरेलच वापरतात. यजमानांचे कोलेस्टेरॉल सीमेवर आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात हेच खात आले आहेत, असे सासूबाई म्हणतात. त्यांचे मन न दुखवता काय करावे?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. पॅसिफिक महासागरातील पुकापुका आणि टोकेलाऊ या बेटांवरील लोकांचा एक अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. टोकेलाऊच्या लोकांची साठ टक्क्यांहून अधिक ऊर्जा नारळातून येत होती, पुकापुकाच्या लोकांची सुमारे एकतृतीयांश. दोन्हीकडे हृदयविकार क्वचितच आढळला. पण नारळ अधिक खाणाऱ्या टोकेलाऊमध्ये कोलेस्टेरॉलही अधिकच होते, हे सांगताना सहसा गाळले जाते. ते लोक नारळ गरासकट खात, सोबत मासळी असे आणि अंगमेहनतीचा दिवस असे. मालवणात होडी ओढणाऱ्या आजोबांचे ताट जसेच्या तसे नाशिकरोडला उचलून आणले, तरी त्यामागची होडी येत नाही.

केरळमध्ये हृदयविकाराच्या सुमारे २०० रुग्णांना दोन वर्षे स्वयंपाकासाठी खोबरेल किंवा सूर्यफुलाचे तेल देण्यात आले आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कोलेस्टेरॉलमध्ये वा हृदयविकाराच्या घटनांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ते रुग्ण कोलेस्टेरॉलची औषधे घेत होते, त्यामुळे आपले यजमान औषधे घेत नसतील, तर हा निष्कर्ष त्यांना सरसकट लागू होत नाही. तरीही माफक खोबरेल म्हणजे विष, असा आततायी सूर लावण्याचे कारण नाही. कालवण आणि सोलकढीवरची फोडणी खोबरेलचीच राहू द्यावी, कारण तिथे त्याला दुसरे तेल चव देणार नाही. रोजची भाजी, आमटी आणि तळण शेंगदाणा किंवा करडईच्या तेलात करावे. चौघांच्या घरात खोबरेल महिन्याला अर्ध्या किलोच्या आत आले, तर माणशी रोजचे चार ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याइतके भरते, आणि तेवढ्याने सासूबाईंचे कालवणही बिघडत नाही. यजमानांची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी. तोवर घरात कोणी कोणाला दोष देऊ नये.

प्रश्न : डोक्याला लावायच्या निळ्या बाटलीतले खोबरेल खाल्ले तर चालते का? घाण्यावरचे चांगले की रिफाइंड?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : बाटलीवर काय छापले आहे ते पाहावे. छोट्या बाटलीतले शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल, हा वाद कराच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही. खाद्यतेल म्हणून विकलेल्या बाटलीवर हिरवा ठिपका आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असतो. तो नसेल किंवा घटकांत सुगंध वा खनिज तेल लिहिलेले असेल, तर ती बाटली न्हाणीघरातच बरी.

घाण्याचे आणि रिफाइंड यांत वासाचा, चवीचा आणि थोड्या वनस्पतिजन्य सूक्ष्मद्रव्यांचा फरक असतो. मेदाम्लांच्या प्रमाणात जवळजवळ काहीच फरक नसतो. घाण्यावरून आणायचे असेल तर खोबरे पांढरे, कोरडे आणि बुरशी नसलेले आहे ना, ते घाण्यात पडण्यापूर्वी स्वतः हातात घेऊन मोडून पाहावे. वाटीच्या आतल्या बाजूस हिरवट किंवा काळपट डाग असतील तर ते तेल घेऊ नये.